सव्वानऊची भवानी

सोमशेखर हुक्केरीला बिघाड बघवत नसे. नेसरीहून कोल्हापुरात आलेला हा गडी मंगळवार पेठेत अकरा वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त करत बसला. लग्नाच्या पंगतीला गेला तरी कुणाचा पंखा कुरकुरतोय, कुणाचं दार घासतंय, तिकडंच सगळं ध्यान. बायको दानेश्वरी म्हणायची, "अवो, जेवा की आधी! पंखा काय पळून जातोय व्हय?"

पुढं तयार कपड्यांनी पेठेतल्या शिंप्यांचं कंबरडं मोडलं आणि २००५ साली सोमशेखरनं दुकानाचं शटर ओढलं. पण गप्प बसेल तर तो मिस्त्री कसला! मशिनांबरोबर येणारी पुस्तकं वाचून वाचून जेवढं इंग्रजी आलं होतं, तेवढ्यावर पठ्ठ्यानं जुन्या मशिनांच्या दुरुस्तीची वेबसाइट काढली. इंग्रजी असं की मास्तरांनी कान पिळावा. चित्रं मात्र झकास. ती बघून कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका आजीचं मशीन खोलून बसायच्या. प्रत्येक चित्राखाली एक निळी ओळ असायची. ती दाबली की परदेशातल्या एका दुकानाचं पान उघडायचं आणि तिथं कुणी सुई-बॉबिन घेतलं की थोडं कमिशन सोमशेखरला मिळायचं. अशा सदतीस लिंका. त्यांच्यावर घरचा किराणा निघायचा.

दोन वर्षं बरी गेली. मग एका दुपारी एका बाईची मेल आली: बॉबिनची ओळ दाबली की कोरं पान येतंय. सोमशेखर तेव्हा नेहमीसारखा गल्लीतल्या खिजरच्या नेट कॅफेत बसला होता. त्यानं बॉबिनची लिंक दाबून बघितली. कोरी. सुईची बघितली. कोरी. सदतीसच्या सदतीस कोऱ्या!

"आयला, एक तुटली तर समजू शकतो. सगळ्या एकदम कशा रं तुटतील?" तो खिजरला म्हणाला.

आता ह्या गड्याला झोप कुठली! दोन दिवस त्यानं प्रत्येक लिंकेचं अक्षर न् अक्षर ताडून बघितलं, काढली, परत जोडली. दानेश्वरीनं हाक मारली की "हां, आलो" म्हणायचा आणि तिथंच बसायचा. तिसऱ्या दिवशी त्या दुकानाचं पत्र आलं. लिंका तुटल्या नव्हत्याच. दुकानानंच त्या बंद केल्या होत्या. रोज ठरावीक वेळेला एकाच ठिकाणाहून तुमच्या सगळ्या लिंका दाबल्या जातात, खरेदी मात्र कधीच होत नाही, आकडे फुगवायला हे तुम्हीच करता असा आमचा संशय आहे, आठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर खातं कायमचं बंद. खाली त्या ठिकाणाचा इंटरनेटवरचा नंबर दिला होता.

सोमशेखरचं डोकं भणाणलं. त्यानं तिकडच्या घड्याळाचा आणि आपल्या घड्याळाचा हिशेब मांडला. सकाळचे सव्वानऊ निघाले. नंबर जुळवून बघितला, तर तो ह्याच कॅफेचा!

"खिजर, सकाळी कोण असतंय रं हितं?"

"मी अकराला येतो. तवर आई झाडलोट करून बसत्या."

"आन् गिऱ्हाईक?"

"सकाळी नऊला कोण मरायला येतंय!"

मग हा कोण सोकावलेला भामटा? एवढं जीव तोडून रोज सदतीस वेळा दाबायचं आणि घ्यायचं काही नाही, ह्यात त्याचा फायदा काय? सोमशेखरला रागापेक्षा तेच जास्त छळायला लागलं. दुसऱ्या दिवशी नऊला तो कॅफेतल्या शेवटच्या खणात, पडद्यामागं जाऊन बसला. चार सणसणीत शिव्या तोंडात तयार होत्या.

खिजरच्या आईनं, सुलतानबीनं, पहिला कॉम्प्युटर चालू केला. खिजरनं दोस्तीखातर त्यावर सोमशेखरचंच पान आधी उघडेल असं करून ठेवलं होतं. सव्वानऊला दारात चपला वाजल्या आणि आत आली शांतव्वा.

कोपऱ्यावर बेल-फुलं विकणारी शांतव्वा! तिच्या हाताला गुण आहे असं सगळी पेठ मानायची. तिनं सकाळची पहिली खरेदी केली, म्हणजे भवानी केली, की दुकान दिवसभर चालतं म्हणायचे. सोमशेखरच्या दुकानात ती अकरा वर्षं रोज सकाळी यायची. कधी सुईचं पाकीट घ्यायची, कधी बॉबिन. "सुनंला लागतंय," म्हणायची.

शांतव्वानं पदराला हात पुसला, माउसला लावून कपाळाला नेला, आणि एकेक निळी ओळ दाबायला लागली.

"आजबी पान पांढरंच की गं, सुलतानबी."

"दाब तू. उघडंल कवातरी."

सोमशेखर ताडकन बाहेर आला. "अव्वा! काय चाललंय ह्ये?"

म्हातारी दचकलीसुद्धा नाही. "आलास व्हय? बरं झालं. शटर ओढलंस तवा मला सांगावं वाटलं न्हाय तुला. ह्या सुलतानबीनं दावलं, तुझं दुकान आता हितं हाय म्हणून. मग भवानी नको व्हय? रोज येतो मी. समद्या निळ्या दाबतो, एकबी सोडत न्हाय."

शिव्या जागच्या जागी विरल्या. तुझ्या हातानंच दुकान बंद पडलं, हे तिला सांगायचं कुठल्या तोंडानं?

"अव्वा, जरा बिघाड झालाय."

"बिघाड कसला डोंबलाचा! माल न्हाय तुझ्याकडं. नुसती चित्रं लावल्यास. गिऱ्हाईक येतंय आन् मोकळ्या हातानं जातंय. थांब हितंच."

ती गेली आणि पत्र्याचा एक डबा घेऊन परत आली. झाकण उघडलं. आत सुया आणि बॉबिनं, काठोकाठ. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं.

"ह्ये घे. भर दुकान."

"पण ह्ये तर सुनंला लागत हुतं न्हवं?"

सुलतानबीला हसू आवरेना. "हिच्या घरात मशीन हुतं कवा रं?"

पेठेतलं एकूण एक मशीन सोमशेखरच्या हाताखालून गेलं होतं. शांतव्वाचं अकरा वर्षांत कधी आलं नव्हतं, आणि पंगतीतला पंखा ऐकणाऱ्या ह्या माणसाला ते एकदाही खटकलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. डबा मांडीवर घेऊन तो तिथंच स्टुलावर बसला.

त्याच दुपारी त्यानं खुलासा लिहिला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत भवानी म्हणजे काय, शांतव्वा कोण, सगळं खरं खरं लिहिलं आणि डब्याचा फोटो जोडला. पुढचे सहा दिवस तो सकाळ-संध्याकाळ कॅफेत जाऊन मेल बघायचा. सातव्या दिवशी उत्तर आलं: लिंका चालू करतो, मात्र त्या बाईंनी पुन्हा दाबता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला सोमशेखर दारातच उभा होता. "अव्वा, दुकानाला आता दार एकच केलंय. निळ्या ओळींना हात लावू नगंस. ही वरची तांबडी ओळ तुझी."

तांबडी ओळ परदेशात कुठंच जात नव्हती. शांतव्वानं माउस कपाळाला लावला आणि ती दाबली. पडद्यावर तिचाच पत्र्याचा डबा उघडला, सुयांनी भरलेला.

म्हातारीनं वाकून नीट बघितलं. "हां," ती म्हणाली, "आता कसं दुकान वाटतंय!"