लेखाला लावलेली जाळी

माझ्या मोठ्या भावाने माझ्याच लेखातलं एक वाक्य मला फोनवर वाचून दाखवलं, आणि ते वाक्य मी लिहिलेलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती, धानाची कापणी आटोपत आली होती आणि गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू झाल्या होत्या. मी गोंदियातल्या माझ्या मोटर-पंपाच्या दुकानात बसलो होतो. भाऊ सौंदडजवळच्या आमच्या गावी शेती पाहतो. फोन उचलल्याबरोबर त्याचं हसू ऐकू आलं.

"काय लिहिलंस रे बाबू! 'माझा भाऊ इतका ठाम, की रस्त्यात भिंत आली तर भिंतीनंच बाजूला सरकावं.' तुही भाभी हसून हसून राहिली ना बा! बरं, उद्या मंडई आहे. दुपारीच ये."

मीही हसलो. फोन ठेवला आणि हसू जागच्या जागी थांबलं. ठाम? हा शब्द मी जन्मात लिहिला नव्हता. ठाम माणसं वर्तमानपत्रात असतात, त्यांची भूमिका असते. माझा भाऊ हेकड आहे आणि मी हेकडच लिहिलं होतं.

गोष्ट अशी, की मी ब्लॉग लिहितो. पोरीने काढून दिलेली जागा आहे, तिच्यावर मी घरच्या माणसांच्या गमती टाकतो. वाचणारे म्हणजे नातेवाईक, नातेवाइकांचे नातेवाईक, आणि ज्यांना पंपाच्या किमती पाहायच्या असतात पण चुकून इकडे येतात असे दोघंतिघं. भावावर मी बरंच लिहिलं आहे, कारण तो आहेच तसा. त्या दिवशी त्याने वाचला तो लेख चिचगडच्या लग्नाचा होता. नवरदेवाची गाडी पुढे गेली होती, मागचं अख्खं वऱ्हाड ट्रॅक्टरवर बसवून भाऊ जंगलातून निघाला, वाट चुकली, आणि तीनदा माणसं भेटूनही त्याने एकालाही रस्ता विचारला नाही. आम्ही पोचलो तेव्हा नवरी सासरी निघाली होती आणि मांडवात ताटं धुणं चाललं होतं.

पावसाळ्यात असाच एक लेख आला तेव्हा भावाचे फोन बंद झाले होते. रोवण्याची घाई असेल, मग निंदणाची असेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. आईबाप गेल्यावर मला मागे वळून पाहायला तो एकच माणूस उरला आहे, म्हणून मनात धाकधूक होतीच. दिवाळीनंतर फोन पुन्हा सुरू झाले, आणि तेही हसत. मी समजलो, माझ्या विनोदाची गोडी शेवटी भावालाही लागली. लेखक माणूस असं लवकर समजतो.

आता ठाम ऐकल्यावर वाटलं, भाऊ माझी टिंगल करतोय. संगणकावर ज्या खोक्यात मी लेख लिहितो, ते उघडून पाहिलं. तिथे माझा हेकड माझ्या जागी होता. मग वाचणाऱ्याला दिसतं ते पान उघडलं. तिथे ठाम. पुन्हा खोकं, हेकड. पुन्हा पान, ठाम. चष्मा पुसला. पान तेच.

म्हणजे कोणीतरी माझ्या लिहिण्यात हात घालत होतं, आणि घालून पुन्हा हात धुवत होतं.

पहिला संशय बायकोवर. ती बोदलकसाची. आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावाने ओळखतात, म्हणून घरात ती बोदलकसावाली. माझा पासवर्ड मी दुकानाच्या कपाटाला आतून चिकटवून ठेवला आहे आणि त्या कपाटाची किल्ली तिच्याजवळ असते.

मी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू कधी माझा ब्लॉग उघडतेस का?"

"कायले?"

"नाही, वाचायला."

"तुमचं ऐकून पोट भरते माहं. वाचू कायले?"

"आणि कोणी काही बदललं, असं तुझ्या कानावर आलं?"

तिने वरणाची वाटी खाली ठेवली. "अजी, तुमच्या लेखात बदलण्यासारखं होतं, हे कोणाच्या ध्यानात आलं म्हणे?"

हे उत्तर निरपराध माणसाचंही असू शकतं आणि पक्क्या गुन्हेगाराचंही. मी वरणभात खाल्ला आणि तिच्याकडे तिरकं पाहत राहिलो. तिने विचारलं, मान अवघडली का.

दुसरा संशय भाभीवर. तिचं माझ्या लेखांशी आधीच वाजलं होतं. तिचं नाव मी एकदा लिहिलं, तेव्हा तिने निरोप पाठवला, "सुनेचं नाव चारचौघात घेतात का?" तेव्हा मी इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून पीएचपी नावाची संगणकाची भाषा शिकलो. शिकलो म्हणजे बारा ओळी शिकलो. त्या ओळींना फिल्टर म्हणतात. मला ते पटकन समजलं, कारण मी फुटवॉल विकतो. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तोंडाला तो बसवायचा, त्याला जाळी असते. पाणी विहिरीत असेल तसंच असतं, पण वर येताना पाला आणि बेडकाची पिल्लं खाली अडतात. तसाच लेख आपल्या खोक्यात जसाच्या तसा पडून राहतो. कोणी पान उघडलं की तो जाळीतून वर येतो. माझ्या जाळीत मी एक नमुना दिला होता, त्याला रेगेक्स म्हणतात. ही-ही नावं दिसली, की त्यांच्या जागी भाभी, बोदलकसावाली, मोठी पोरगी असं टाकायचं. भाभी खूश झाली. मी इतका खूश झालो की दुकानातल्या गिऱ्हाइकांना दाखवत सुटलो. एक जण म्हणाला, "भैया, ये सब ठीक है, फुटवॉल दो इंची है क्या?"

इतकं सगळं माहीत असताना मला जाळीचा संशय यायला हवा होता, असं तुम्हाला वाटेल. मला नाही आला. ती बारा ओळींची फाइल माझी होती. स्वतःच्या खिशात चोर शोधायला कोण जातो? मी माणसांवर संशय घेत राहिलो, आणि मंडईच्या सकाळी दुकान उघडून सापळा लावला.

'आमच्या घरातली माणसं' नावाचा एक लेख लिहिला. त्यात बायको भांडकुदळ, भाभी चोंबडी, नागपूरला कॉम्प्युटरची नोकरी करणारी पोरगी आळशी, भाऊ हेकड आणि वर कंजूस. पक्षपात नको म्हणून मी स्वतःला एक नंबरचा मूर्ख लिहिलं. हिशेब साधा होता. जो कोणी हात घालतो, तो आपल्यापुरता शब्द बदलेल. ज्याचा शब्द बदलला तो चोर.

लेख टाकला आणि लगेच पान उघडलं. बायको स्पष्ट बोलणारी झाली होती. भाभी चौकस. पोरगी निवांत. भाऊ ठाम आणि काटकसरी. फक्त मी तेवढा एक नंबरचा मूर्ख होतो, लिहिला तसा, अगदी कानामात्रेसकट.

माझ्या हिशेबाने आता सगळं घर चोर निघालं होतं. सगळ्यांनी मिळून एकमेकांना सांभाळून घेतलं आणि मला उघड्यावर सोडलं. दोन मिनिटं मी खरोखरच दुःखी झालो. मग डोक्यात आलं, की लेख टाकून चहाचा घोटही घेतला नव्हता. एवढ्या वेळात गोंदिया, सौंदड आणि नागपूरची माणसं बैठक घेऊ शकत नाहीत. हे माणसाचं काम नव्हतं. हे जाळीचं काम होतं.

फाइल उघडली. माझ्या वेड्यावाकड्या बारा ओळींखाली दुसऱ्या ओळी होत्या. नीट आत सरकवलेल्या, शिस्तीत उभ्या. आणि त्यांच्या डोक्यावर मराठीत लिहिलेलं, 'बाबा, हे काढायच्या आधी मला फोन करा.'

मी फोन केला नाही. माझी पोरगी, माझ्या लेखात, मला न सांगता! तिच्या ओळींपैकी जी जाळी चालू करत होती, तिच्याआधी मी दोन तिरप्या रेघा मारल्या. त्या मारल्या की ती ओळ तिथेच राहते, पण काम करत नाही. पान उघडलं. हेकड! कंजूस! चोंबडी! प्रत्येक शब्द आपापल्या जागी टवटवीत बसलेला. मी समोरच्या टपरीवरून चहा मागवला, तो सावकाश प्यालो, आणि मग पोरीला फोन लावला.

"तू माझे शब्द बदलतेस?"

"तुम्ही ते काढलं का?" ती एकदम म्हणाली. "बाबा, काढलं का तुम्ही?"

"आधी उत्तर दे. कोणी सांगितलं तुला?"

"मोठे बाबांनी."

मोठे बाबा म्हणजे माझा भाऊच.

तिने सांगितलं ते असं. पावसाळ्यातल्या त्या लेखानंतर पानठेल्यावर भावाला लोक 'या हेकडराव' म्हणू लागले. सोसायटीत म्हणू लागले. जावयाच्या गावीही कोणी म्हणालं. दिवाळीत पोरगी त्यांच्याकडे गेली तेव्हा भावाने तिला अंगणात बाजूला घेतलं. म्हणाला, "तुह्या बापाले नको सांगू. त्याले सांगितलं तं तो लिहिणं बंद करन. आणि मी वाचत राहिलो तं मले त्याच्याशी बोलणं बंद करा लागन. मले दोन्ही नाही पाहिजे. तू शिकलेली आहेस, मधात काहीतरी लावून दे."

"मग मी तुमचे सगळे लेख वाचले," ती म्हणाली, "आणि जे जे बोचेल ते फिल्टरला बदलायला लावलं. आळशीचं निवांत माझ्यासाठी केलं. तेवढी माझी मजुरी."

"आणि मूर्ख?"

"तो तुम्ही स्वतःलाच म्हणता. तुमचा प्रश्न. बाबा, आधी ते चालू करा, मोठे बाबा रोज उघडून पाहतात."

मी संगणकाकडे वळलो आणि लाइट गेली. मोबाइलवर फाइल उघडली. बोट माझं जाड, रेघा बारीक, आणि समोर एक गिऱ्हाईक मोटरचा आवाज तोंडाने काढून दाखवत होतं, घर्रर्र असा येते का घुर्रर्र. मी दोन रेघा पुसल्या. त्यांच्यासोबत एक कंसही पुसला गेला असावा. पान उघडलं तर पांढरं. लेख नाही, ठाम नाही, हेकड नाही, मूर्खही नाही. धुतलेल्या धोतरासारखं नुसतं पांढरं.

पोरगी म्हणाली, "मीटिंगमध्ये चालली आहे. रात्री पाहते. तोवर बाबा, कशाले हात लावू नका." रागावली की तिची नागपूरची मराठी गळून पडते.

आता एकच गोष्ट मला खात होती. मी रेघा मारल्यापासून पान पांढरं होईपर्यंत एका चहाचा वेळ गेला होता. तेवढ्यात भावाने उघडलं होतं का? वाचलं असेल, तर आज मंडईला दार उघडं असेल, पण माणूस बंद असेल.

दुपारी मी आणि बोदलकसावाली गावी पोचलो. गल्लीत पाळणे, गुळाची जिलेबी, रात्रीच्या नाटकाचा स्टेज बांधणं चालू. अंगणात पाहुणे बसलेले. भाऊ बाजेवर सुपारी कातरत होता. माझ्याकडे पाहून त्याने मान हलवली. ती नेहमीची होती की आजची, हे मला ओळखता येईना.

भाभी पाण्याचा तांब्या घेऊन आली. "भाऊजी, तुमचं ते उघडून नाही राहिलं जी. पांढरंच दिसते."

"कधीपासून?" मी विचारलं. "म्हणजे सकाळी दिसत होतं का?"

"मले का माहीत? मोबाइल यायच्याच हातात रायते," ती भावाकडे बोट करून म्हणाली.

मी भावाकडे पाहिलं. सुपारीचा तुकडा पडला, त्याने तो फुंकून तोंडात टाकला. एक पाहुणा म्हणाला, "लेख नाही तं नाही, तोंडानं सांगा ना. ते चिचगडचं."

"हो, सांग," भाऊ म्हणाला. आवाजात काहीच नव्हतं.

मी सांगायला लागलो. ट्रॅक्टर, वऱ्हाड, जंगल. पहिला माणूस भेटला, भाऊ म्हणाला मले माहीत आहे. दुसरा भेटला, तेच. लोक हसू लागले. प्रत्येक वाक्यानंतर मी भावाच्या तोंडाकडे पाहत होतो, आणि ते तोंड सुपारी चावत होतं. तिसरा माणूस भेटला, स्वतःहूनच सांगू लागला की हा रस्ता नाही, आणि भावाने ट्रॅक्टरचा आवाज वाढवला. "कारण माझा भाऊ इतका," मी म्हणालो, आणि थांबलो. एक शब्द माझा होता, एक पोरीचा. दोन्ही जिभेवर येऊन बसले होते. अंगण वाट पाहत होतं. बोदलकसावाली माझ्याकडे पाहत होती.

"बोल ना," भाऊ म्हणाला. "हेकड. काऊन अडून राहिला?"

अंगण फुटलं. भाभीने पदर तोंडाला लावला. सगळ्यात मोठ्याने भाऊच हसत होता, इतका की सुपारी घशात गेली आणि मला त्याची पाठ थोपटावी लागली.

जेवण झाल्यावर आम्ही दोघं नळावर हात धुवत होतो. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही सकाळी वाचलं का काही?"

"काय वाचाचं होतं?"

"काही नाही."

त्याने धोतराला हात पुसले. "तोंडानं सांगतेस तं चार माणसं हसते, मीबी हसतो. तुहं तोंड दिसते मले, राग नाही आहे हे समजते. मोबाइलात मी एकटाच रायतो ना बाबू."

"मग ती जाळी काढायला लावू?"

"राहू दे. तुले का नुसकान होऊन राहिलं?"

त्याने सकाळी वाचलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. भाभीला फिरवून फिरवून विचारलं, ती पदराआड हसते. पोरीने रात्री पान पूर्ववत केलं, जाळी जागेवर आहे, सापळ्याचा लेख मी पुसून टाकला. मूर्खसाठी एक ओळ टाक म्हणून तिला विनवलं, तर ती म्हणाली, तो शब्द तुमच्या लेखांत इतका आहे की बदलला तर ओळखीचं काही उरणार नाही.

हे मात्र मी कागदावर लिहिलं आहे, संगणकाला हात न लावता. रविवारी सौंदडची गाडी पकडणार आहे. भावाला समोर बसवून, त्याच्या तोंडाकडे पाहत, मीच वाचून दाखवणार.