हे पट्टीवरलं, आता हे माझं

सकाळी खालच्या दुकानातला फोन वाजला. किल्ली माझ्याकडे होती. मी जिना उतरले, शटर वर केलं, फोन घेतला. नांदेडहून काकू बोलत होत्या. काका गेले होते. मी फोन ठेवला आणि शटर ओढलं.

काका माझे घरमालक. त्यांची एक सवय आधी सांगते, म्हणजे माणूस तुमच्यासमोर येईल. काही सांगायचं झालं की ते उजव्या हाताचं बोट समोर रोखत आणि म्हणत, "हे ग्रंथातलं हाय." मग तोच हात छातीवर आणून म्हणत, "आता हे माझं." वाचलेलं कोणतं आणि मनचं कोणतं, यांची सरमिसळ त्यांना खपत नसे. भाजीवालीचा निरोपसुद्धा ते असाच देत. "वांगे उद्या येतील, हे तिचं," बोट बाहेर. "येत न्हाईत, हे माझं," हात छातीवर. काकू आतून म्हणायच्या, "अन् जेवायला काय करू, हे कोनाचं?"

सवय विहारातली होती. वर्षावासाच्या तीन महिन्यांत त्यांच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जाई आणि वाचणारे काकाच असत. एक परिच्छेद वाचायचा, थांबायचं, आपल्या शब्दांत समजावायचं, पुन्हा पुढे. आश्विन पौर्णिमेला समापन आणि खीर. मध्ये ताप येवो, पाहुणे येवोत, वाचन तुटत नसे. "धरलेलं वाचन अर्ध्यात सोडायचं न्हाई," ते म्हणत. "ऐकणारा तसाच लटकून राहतो."

उरलेला वेळ ते कळमनुरीत बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर डिस्क भाड्याने देत. आधी व्हिडिओ कॅसेट होत्या, मग सीडी आल्या, मग डीव्हीडी. दुकानाच्या मागे त्यांचं घर, आणि वरची एक खोली त्यांनी मला भाड्याने दिली होती. मी नवीनच नोकरीला लागले होते, कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचे. कॉलेज सकाळचं. दुपार सगळी पुस्तकांत जायची. काका जिन्याखालून हाक मारत, "जय भीम म्याडम, जिवंत हाव ना?" आणि मी वरून "हो" म्हणे. सुरुवातीचं वर्षभर आमचं बोलणं एवढंच होतं.

मग नांदेडच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक खोका आणला. सहा डिस्क, काळं वेष्टन, त्यावर तुटकी तलवार घेतलेली एक मुलगी. हाताने काढलेलं चित्र पाहून काकांनी खोका लहान मुलांच्या फळीवर ठेवून दिला, उंदीर-मांजराच्या कार्टूनशेजारी. तिसऱ्याच दिवशी गल्लीतल्या एक बाई पहिली डिस्क परत घेऊन आल्या.

"दादा, हे काय दिलं तुमी? लेकरं संडासला एकटे जाईनात."

"कार्टून हाय की, ताई."

"कार्टून? एकाच्या तोंडातून दुसरा निघून राहिला, दुसऱ्याच्या तोंडातून तिसरा!"

काकांनी माफी मागितली. मग दुपारी दुकान रिकामं असताना ती डिस्क स्वतः लावली. मी जिना उतरत होते, तर ते टीव्हीपुढे स्टुलावर बसलेले, चष्मा कपाळावर चढवलेला.

"म्याडम, हे जपानी हाय का?"

"हो. खाली इंग्रजीत येतंय."

"ती पट्टी लई पळती. मी पहिला शब्द वाचूस्तोर जाती." त्यांनी रिमोटने चित्र थांबवलं. "ही पोरगी रडत काहून न्हाई? समदं गाव मेलं हिचं."

मी मागेपुढे करून काही पट्ट्या वाचल्या आणि सांगितलं. ती मुलगी सावल्या मारत फिरते. माणसांना आतून खाणाऱ्या सावल्या. पण एक सावली मारली की तिच्या आठवणीतलं एक माणूस पुसलं जातं. गाव तिला आठवतच नाही, म्हणून रडत नाही. सगळ्यांत मोठ्या सावलीने तिचा भाऊ नेलाय आणि त्याच्यासाठी तिचं हे चाललंय.

काकांनी रिमोट खाली ठेवला. "म्हंजे भाऊ सापडेल तव्हा वळखू येईल का न्हाई, हे कोन सांगावं," ते म्हणाले. आणि लगेच, "भूत-बित काही नसतं, म्याडम. हे मनातलं हाय. पण डिस्कमधी असतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शंभर पानी वही आणून माझ्यापुढे ठेवली.

पुढचे सात-आठ महिने आमची पद्धत अशी. दुपारी काका रिमोट धरून बसत. पट्टी आली की चित्र थांबवत, मी तिचं मराठी वहीत उतरवे, मग पुढची पट्टी. वीस मिनिटांच्या भागाला दोन-दोन दुपारी लागत. काकू शेजारी शेंगा फोडत बसायच्या आणि अधूनमधून म्हणायच्या, "ही पोरगी जेवती कव्हा?" माझं लिहून झालं की काका पुन्हा एकदा भाग लावून वही पडद्याशी ताडून पाहत आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहीत, 'पट्टीवरलं'. त्यांना सुचलेला अर्थ ते मला समासात लिहायला सांगत आणि त्याखाली 'माझं' असं लिहीत. बिनखुणेचं पान त्यांनी कधी ठेवलं नाही. डिस्क बदलली की वही नवी.

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता वाचन. टीव्हीचा आवाज बारीक, शेजारी खुर्चीवर काका, हातात वही. समोर सतरंजीवर दहा-बारा माणसं. ज्या बाईंची मुलं घाबरली होती त्या स्वतः येऊन बसायला लागल्या. वारंगा फाट्यावरचे पंक्चरवाले चाचा बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन सगळ्यांत पुढे. काका पडद्याकडे बोट करून म्हणत, "हे पट्टीवरलं," आणि वाचत. मग चित्र थांबवून छातीवर हात ठेवत. "आता हे माझं. माणसाला राग आला की आतून असंच एक निघतं. तलवार आपल्यावरच चालवावी लागती."

"वो सब ठीक है मियाँ," चाचा म्हणत. "भाई मिला क्या?"

"पट्टीवर येऊ द्या."

"तुमको मालूम होंगा. आगे का देखे होंगे."

"म्हाईत असलं तरी आधी सांगत न्हाई. न्हाई म्हाईत, ही गोष्ट येगळी."

आपलं सांगून झालं की ते माझ्याकडे वळत. "आता तुमचं?"

मी मान हलवायचे. "माझं काही नाही, काका."

दर वेळी विचारायचे आणि दर वेळी मी हेच म्हणायचे. एकदा काकूच चिडल्या. "काहून मागं लागता त्यांच्या? त्या लिहून देऊन राहिल्या, ते कमी हाय का?" काका म्हणाले, "कमी न्हाई. पण इतकं वाचलेलं माणूस, कायतरी असंलच की." मी वर निघून गेले. माझ्या पेटीत कोऱ्या वह्या किती होत्या हे त्यांना माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

पाचवी डिस्क संपली तेव्हा मुलगी शेवटच्या सावलीपुढे उभी होती. तिच्या मनात आता एकच माणूस उरलं होतं, तिचा भाऊ. तो सावलीच्या मागे होता. सावली मारली तर भाऊ सुटणार, पण तिच्या मनातून पुसला जाणार. तिने तुटकी तलवार उचलली आणि पडदा काळा झाला. चाचा उठायला तयार होईनात.

त्याच आठवड्यात गच्चीवर जाताना काका जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले. छातीत कळ आली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

दोन दिवसांनी ते सहावी डिस्क घेऊन वर आले. याआधी ते माझ्या खोलीत कधीच आले नव्हते. दारातच उभे राहिले. "आपल्या मशीनवर ही चालून न्हाई राहिली. कॉलेजात कम्प्युटर हाय ना? तुमी लावून पाहा." मग म्हणाले, "जायच्या आधी समापन झालं पायजे. लोकायला तसंच लटकत ठेवून मला जाता येत न्हाई."

कॉलेजच्या संगणकावर डिस्क आत जायची, घरघरायची आणि बाहेर यायची. तीन दिवस पुसून, फुंकून, पुन्हा पुन्हा लावून पाहिली. मागच्या बाजूला खोल ओरखडा होता, मधल्या भोकापासून कडेपर्यंत. चौथ्या दिवशी काकांनी जिन्याखालून विचारलं, "चालली का, म्याडम?" माझ्या तोंडून "हो" गेलं.

मग लिहिणं आलं. कोरी वही काढली आणि चार दुपारी बसले. पट्टी नव्हती, थांबायला चित्र नव्हतं. पहिली दुपार नुसती गेली. मग मी लिहिलं की मुलीने सावली मारली. भाऊ सुटून समोर आला आणि तिने त्याला विचारलं, तुम्ही कोण? त्याने आपण कोण ते सांगितलं नाही. तोही वाटसरू असल्यासारखा तिच्याबरोबर चालू लागला. संध्याकाळी दोघं एका झाडाखाली बसली तेव्हा तो म्हणाला, एक गोष्ट सांगतो, एक बहीण होती आणि एक भाऊ होता. तिने ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुढचा भाग सांगितला. ती रोज ऐकत राहिली. तिला काही आठवलं असं मी लिहिलं नाही. मला तसं लिहिता आलं नाही.

वही काकांना दिली. "डिस्क संगणकावर चालते, टीव्हीवर नाही," मी म्हणाले. त्यांनी वही घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि "बराबर," म्हणाले.

समापनाला सतरंजी पुरली नाही. माणसं रस्त्यापर्यंत उभी होती. काकूंनी सकाळपासून खीर मांडली होती. "भूत नसतं म्हणता, अन् भुताच्या गोष्टीची खीर करायला लावता," त्या पातेलं हलवत म्हणाल्या. टीव्ही बंद होता. काका म्हणाले, "आज चित्र न्हाई. नुसतं ऐका. ग्रंथाला कुठं चित्र असतंय."

ते वाचू लागले. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. काकांनी त्या दिवशी एकदाही बोट रोखलं नाही, छातीवर हातही नेला नाही. दोन्ही हातांनी वही धरून सलग वाचत गेले. मला वाटलं, हात दुखत असेल. डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलं होतं.

मध्येच चाचा म्हणाले, "ये पट्टीपे लिख्खा है क्या, मियाँ?"

काकांनी वर पाहिलं. "वहीत लिवलंय," ते म्हणाले आणि पुढे वाचू लागले.

शेवटची ओळ झाली. ज्यांची मुलं घाबरली होती त्या बाईंनी पदराने डोळे पुसले. चाचा पिशवी उचलत म्हणाले, "अच्छा है. भाई शाना निकला." काकांनी वही मिटून मांडीवर ठेवली. दर वेळी विचारत तसं "आता तुमचं?" आज त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "अवो, खीर आना."

चार दिवसांनी ती दोघं नांदेडला गेली. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला, तो मी सुरुवातीला सांगितला.

महिन्याभराने काकूंनी दुकान रिकामं करायला काढलं. डिस्क भाड्याने जातच नव्हत्या, जो तो मोबाईलवर पाहायला लागला होता. त्यांनी मला हाक मारली आणि तो काळा खोका आणि सहा वह्या माझ्या हातात दिल्या. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "काकू, मी काकांशी खोटं बोलले. सहावी डिस्क चाललीच नव्हती."

काकू फळी पुसत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"ते तर त्यायला म्हाईतच व्हतं. तुमच्याकडं द्यायच्या आधी हिंगोलीला दोन दुकानात लावून आनली व्हती त्यायनी. मोठ्या मशीनवर बी चालली न्हाई."

"मग मला कशाला दिली?"

"म्या बी हेच इचारलं. तर म्हणले, त्या बाईनं पाच वह्या लिवल्या अन् एक अक्षर सोताचं न्हाई. बघू म्हणले. चालली म्हणल्या तर समापन हाय, न्हाई म्हणल्या तर लोकायला सांगू, हाय तेवढंच हाय." मग काकू माझ्याकडे वळल्या. "तुमी चालली म्हणल्या त्या दिशी लई हासले. भाकर जास्त खाल्ली."

वह्या घेऊन मी वर आले. सहावी उघडली. पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, त्यांच्या उभ्या अक्षरात, लिहिलं होतं: 'म्याडमचं.' पान उलटलं. तिथेही तेच. बावीस पानं होती. एकही पान त्यांनी सोडलं नव्हतं.

दुकानाच्या जागी आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. चाचा मधून बाजारात भेटतात आणि तो भाऊ शाना होता असं सांगतात. त्या गोष्टीचा खरा शेवट शोधला तर आज सापडेल, पण मी शोधलेला नाही.

पाच डिस्क चालतात. सहावी चालत नाही. वह्या सहा आहेत.