नदी पंचवीसपट लहान केली तेव्हा

इंजिनियर साहेबांनी माझ्या वहीचं पान फाडलं. त्याचे बोळे केले आणि माझ्या ओंजळीत वरून टाकले.

"हे सोड पाण्यात. वेग मोजायच्या तरी कामी येतील."

त्या पानावर माझं तीन दिवसांचं गणित होतं. मी एकेक बोळा सोडत गेलो. साहेब घड्याळ बघत होते. बाकीचे खलाशी, म्हणजे माझ्यासारखेच कॅम्पवरचे हरकामे गडी, हसत होते.

आलापल्लीच्या जंगलात आमचा कॅम्प होता. नदीवर बंधारा बांधायचा होता. त्याआधी साहेबांनी विटा-सिमेंटचा पाट करून त्यात नदीचा नमुना केला. लांबी, रुंदी, खोली, सगळं पंचवीसपट लहान. वेगही पंचवीसपट कमी ठेवला. पाणी सरपटत होतं. बंधाऱ्याच्या पायथ्याची रेती जागची हलेना. साहेब खूश. पाया उथळ चालेल म्हणाले.

मी महाराचा पोरगा. इंटर सायन्सला होतो. बाप सागाच्या ओंडक्याखाली मेला, तसा परत आलो. तंबू झाडताना साहेबांचं जाड पुस्तक वाचायचो. त्यात होतं: वेगाचा वर्ग, त्याला खोली आणि गुरुत्वाच्या गुणाकारानं भागायचं. फूट कटतात, सेकंद कटतात. उरतो नुसता आकडा. त्याला कुठलंच माप नाही. नदीत आणि नमुन्यात तो सारखा आला, तरच नमुना नदीसारखा वागतो. खोली पंचवीसपट कमी, तर वेगाचा वर्गही पंचवीसपट कमी; म्हणजे वेग पाचपटच कमी हवा. एवढंच सांगायला गेलो होतो.

"पुस्तकाला हात लावलास?" साहेबांनी आधी हेच विचारलं. मग पान फाडलं.

चार दिवसांनी पाहतो तर पाटात पाणी धावत होतं. वेग पाचपट कमी. माझाच आकडा. बंधाऱ्याखाली रेती उकरून खड्डा पडला होता; उथळ पाया टिकला नसता.

नागपूरहून मोठे साहेब आले. "चूक मला वेळीच सापडली," साहेब म्हणाले.

"पाचपटच का?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

साहेब अडखळले. मग माझ्याकडे बोट करून हसले. "हे तर आमचा खलाशीसुद्धा सांगेल. पढवलंय त्याला. बोल रे."

घरी माय मोहफुलं उकडून दिवस काढत होती.

"पढवलं नाई, साहेब. मीच काढलं. थे गनिताचं पान या साहेबायनं फाडलं."

मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "जेवण तयार आहे का?"

संध्याकाळी हजेरीपटावरून माझं नाव कापलं.

आठ दिवसांनी जंगल खात्याचा नाकेदार घरी आला. "साहेबानं बलावलं. पाया पडून माफी माग, कामावर घेतेत."

"जा ना बापू," माय म्हणाली. "दोन शब्द तं बोलाचे हायेत. घरात दाना नाई."

"कायची माफी मागू, माय?"

तिनं थंड चुलीकडे बोट केलं.

मी नाकेदाराला म्हणालो, "साहेबाले सांगा, येत नाई. उपाशी मरन. पन गनित माहं हाय."

माय रडायला लागली. तिला द्यायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. पण बोललो ते मी परत घेतलं नाही. घेणारही नाही.