चुन्याच्या रेघांतलं स्वयंपाकघर

स्वतः एका खोलीत भाड्याने राहत असताना मी आमच्या गल्लीत भाड्याची चाळ होऊ नये म्हणून म्युनिसिपालटीला अर्ज लिहून दिला. तो अर्ज फेटाळला गेला असता तर ही गोष्ट मी स्वतःही विसरलो असतो. पण अक्षर चांगलं आणि अक्कल बेताची असा योग जुळला की अर्ज मंजूर होतात.

गाव पश्चिम खानदेशातलं, तापीच्या उत्तरेचं. नंदुरबारचं स्टेशन गाठायचं तर बैलगाडी, मग नाव, मग पुन्हा बैलगाडी. इंग्रजी अमदानी होती, दुसरी लढाई लागायची होती. मी नाशिककडून तिथल्या मराठी शाळेत मास्तर म्हणून आलेला. गावात कापसातली सरकी काढायची जिनं झाली होती, आणि जिनांमागे माणसं येत होती. कुणी कारकून, कुणी फिटर, कुणी तोरणमाळकडून डोक्यावर बोचकं घेऊन उतरलेलं जोडपं. सगळ्यांना निवारा हवा होता आणि गावात खोल्या होत्या मोजून दहा-बारा. त्यातली एक माझी.

खोली म्हणजे मालकांच्या बैलांच्या गोठ्याला लावून काढलेली. मालकांना सगळी गल्ली आबा म्हणे. दोन पिढ्यांची कापसाची शेती, सपाट मातीच्या धाब्याचं मोठं घर, आवाज त्याहून मोठा. माझ्या खोलीला एक खिडकी होती आणि ती शेजारच्या मोकळ्या जागेवर उघडत होती. चूल त्याच खोलीत, अंथरूण त्याच खोलीत, धूर दोन्हीत.

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाली, बारसं झालं, तिसरा महिना लागला. पौषात तिचं पत्र आलं. पत्रात चौकशी फार नव्हती. "त्या धुरात मी पोर निजवणार नाही. वेगळं स्वयंपाकघर झालं की न्यायला या. तोवर येऊ नका." सासऱ्यांनी खाली आशीर्वाद लिहिले होते, म्हणजे त्यांनी पत्र वाचलं होतं.

मोकळी जागा एका विधवा बाईची होती. तिचं माहेर कोरीटचं, म्हणून गल्ली तिला कोरीटवाली म्हणे. नवरा इमारतीची ठेकेदारी करीत असे. तो गेला, मागे विटांचा ढीग, सागाच्या तुळ्या आणि ही जागा राहिली. बाईने ठरवलं की आठ बिऱ्हाडांची चाळ बांधायची. ती जागेच्या टोकाला आपल्या दोन खोल्यांत राही. एका सकाळी ती गवंड्याला घेऊन आली आणि जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून घेतल्या. मी खिडकीतून पाहत होतो, तसाच बाहेर गेलो.

"मावशी, हे कोपऱ्यातले दोन खण कुणाचे?"

"ज्यानं पैलं सांगं त्याना."

"मग माझे."

तिने मला रेघांमधून फिरवलं. हे दार, ही निजायची खोली, हे सैपाकघर. मी शहाण्यासारखा दाराच्या जागेवरूनच आत गेलो, रेघ ओलांडली नाही. स्वयंपाकघरात उभा राहिलो. वर आभाळ होतं, पण धूर नव्हता. भाडं सध्याच्या खोलीपेक्षा आठ आणे जास्त. तिने कोपऱ्यात एक दगड ठेवला आणि गवंड्याला बजावलं, "हाई मास्तरनं बिऱ्हाड."

त्या दिवशीच मी बायकोला कार्ड टाकलं. दिवाळीच्या आत तुझं स्वयंपाकघर तयार.

चाळीची बातमी गल्लीत फिरली आणि एक चमत्कार झाला. आबांनी माझ्या खोलीला चुना लावून दिला. वर्षभर मी मागत होतो. गळणारी पन्हळ बदलली. एका संध्याकाळी तर दाराशी येऊन विचारलं, "मास्तर, काही अडचण तं नही ना?" चाळीची अजून वीटही चढली नव्हती आणि माझी राहणी सुधारू लागली होती. याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता. पण मी भूगोल शिकवत असे.

पुढच्या आठवड्यात आबांनी मला ओट्यावर बोलावलं. गल्लीतली पाच-सहा घरं जमली होती. बोलणं आधीच तापलेलं होतं.

"आठ बिऱ्हाडं! आडनं पानी सरी जाई."

"कोन येतीन, कथाईन येतीन, काय खातीन, काय पितीन!"

"आम्हन्या पोरीबाया उन्हायामा धाबावर निजतस. समोर चाळ व्हयनी म्हंजे?"

पलीकडचा एक शेतकरी, ज्याचे पूर्वज गुजरातेतून येऊन तापीकाठी वसलेले, तो सर्वांत चिडला होता. "जिनना मानसं जिनमा राहोत. गल्ली काय धरमशाळा शे?" त्याच्या पूर्वजांना तापीकाठी कुणी काय विचारलं असेल ते माझ्या जिभेवर आलं, पण मी भाडेकरू होतो आणि समोर चहा आला होता.

आबा म्हणाले, "मास्तर, तुम्हना अक्षर म्हंजे मोती. आम्ही बोलसूत, तुम्ही लिखा." आणि मग आवाज खाली करून, "ती मांगली सरकीनी खोली... तुम्ही बाळंतीणले लई या. भाडं तेच."

आता माझं गणित ऐका. अर्ज काही मंजूर होत नाही, असं मी धरलं. बाईची जागा, बाईच्या विटा, म्युनिसिपालटी कशाला अडवेल? म्हणजे आबा खूष, घरामागची सरकी साठवायची खोली चुलीसाठी लगेच, आणि पुढे चाळ झालीच तर कोपऱ्यातले दोन खण आहेतच. दोन्हीकडे पान मांडून मी बसलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मला अर्ज चांगला लिहायची हौस. मी म्हणालो, "पाण्याचं कारण टिकणार नाही. ती स्वतःची विहीर खणणार आहे. धाब्यांचं म्हणाल तर चाळ बैठी आहे. आणि कोण काय खातं हे साहेबाला लिहिता येत नाही. काहीतरी जुनं पाहिजे. सगळ्यांचं पाहिजे. आपली होळी कुठे पेटते?"

"चौकमा."

"चौकात गाड्या अडतात. समजा, होळीची मूळ जागा तीच असेल, बाईची."

 मग आबांची थाप माझ्या पाठीवर पडली. आयुष्यात हुशारीबद्दल मला मिळालेलं ते एकमेव बक्षीस. मी घरी जाऊन बोरू सोडून टाकाने पाच पानं लिहिली. "पूर्वापार," "परंपरागत," "समस्त गल्लीकरांच्या भावना" हे शब्द मी ठळक काढले. "पूर्वापार"च्या पकाराची गोलाई अजून आठवते.

माघातली पुनव आली. त्या दिवशी होळीचा दांडा रोवतात. दर वर्षी एरंडाची फांदी चौकात रोवत, त्या वर्षी पाच जणांनी ती बाईच्या जागेत आणली. बरोब्बर कुठे रोवायची यावर वाद झाला नाही. माझ्या खिडकीसमोर, जिथे माती मऊ होती, तिथे. चुन्याच्या रेघांत ते माझं स्वयंपाकघर होतं. माझ्या नावाचा दगड त्यांनी फांदीला टेकण म्हणून लावला.

दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालटीचा ओव्हरसिअर जागा पाहायला आला. बाई कंबरेला पदर खोचून उभी.

"मन्हा जागामा हाऊ एरंड कोनी लावा? परवदिन तं नव्हता!"

"कोरीटवाली, देवधरमना काममा बोलू नको!" आबा ओरडले.

"देवनं नाव लेतस नि खोलीनं भाडं वाढाडतस! माले का समजत नही?"

मागून कुणीतरी तिच्या गेलेल्या नवऱ्यावरून घाण बोललं. ती वळली, पण कोण बोललं ते कुणी सांगितलं नाही. विटांच्या ढिगाशी ते तोरणमाळकडचं जोडपं उभं होतं. त्यांनीही एक खण सांगून ठेवला होता. आबांच्या सुनेने ओट्यावरून धुण्याचं पाणी फेकलं ते त्यांच्या पायांवर गेलं. चुकून गेलं असं मला तेव्हा म्हणता आलं असतं. आता म्हणवत नाही.

ओव्हरसिअर कंटाळला होता. त्याने विचारलं, "इथे होळी किती वर्षांपासून होते? एक कुणीतरी शिकलेला माणूस सांगा."

सगळी गल्ली माझ्याकडे पाहू लागली. पळावं तर खोली मागेच होती.

"परंपरेने," मी म्हणालो.

बाई माझ्याकडे वळली. ती ओरडली नाही. इतका वेळ ओरडत होती, माझ्याशी मात्र सावकाश बोलली. "मास्तर, तुम्हले या गाममा येवाले दोन वरीस व्हयनात. तुम्ही माले परंपरा सांगतस?"

मी ओव्हरसिअरला म्हणालो, "लेखी दिलं आहे." ते खरं होतं. माझ्याच हाताने दिलं होतं.

हरकत मान्य झाली. चाळीला परवानगी नाही. जागा बाईचीच राहिली, पण तिच्यावर आता बाईला काही बांधता येईना आणि गल्लीला वर्षातून एक संध्याकाळ सोडून तिचं काही करायचं नव्हतं.

ती संध्याकाळ लवकरच आली. होळी दर वर्षीसारखी झाली नाही. जिंकलेल्या लोकांची होळी होती ती. घरटी गोवऱ्या, मोडक्या गाड्यांची चाकं, कुणी आख्खं दार आणून टाकलं. पोरांच्या गळ्यात साखरेचे हार, हातात साखरेची कंगणं, आणि बोंबा सगळ्या बाईच्या दाराकडे तोंड करून. दिवेलागणीला पेट घेतला आणि वारा माझ्या खोलीकडे वाहत होता. मी नैवेद्याची पुरणपोळी खात ओट्यावर आबांच्या शेजारी मानाने बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, ती खिडकी तुम्हनी का?"

खिडकीचं दार जळालं, भिंतीचं लिंपण फुटलं. आत दोरीवर धोतर वाळत होतं, ते गेलं. तपासायला आणलेल्या चौथीच्या वह्या गेल्या. त्या गेल्याचं दुःख चौथीला झालं नाही.

आबांनी दोन दिवसांत खिडकी विटांनी बुजवून टाकली. "दर साल होळी अठेच राही. काळजी लेवाले पाहिजे." एक भोक ठेवलं, मांजर जाईल एवढं. त्या विटा मी ओळखल्या. बाईच्या होत्या. चाळ होणार नाही म्हटल्यावर तिने ढीग विकायला काढला, आणि आबांनी तो निम्म्या किमतीत घेतला. पाडव्यानंतर त्या विटांची आबांच्या घरावर माडी चढू लागली. माडीवरून सगळ्या गल्लीची धाबी दिसत होती. कुणी हरकत घेतली नाही. अर्ज लिहायला मला कुणी बोलावलं नाही.

"आबा, ती सरकीची खोली?" मी विचारलं.

"ती जिनना नवा कारकूनले दिन्ही. साडेतीन देस तो."

"पण तुम्ही म्हणाला होता—"

"तधय चाळ व्हनारी व्हती, मास्तर." ते अगदी मोकळेपणाने म्हणाले. फसवल्याचा भावही नव्हता. तेव्हाचा आणि आताचा बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. "आते तुम्हले बी पुढला महिनापासून साडेतीन. नही परवडत तं सांगा. तिघं जन इचारी ऱ्हायनात."

तिघं विचारत होते हे खोटं नव्हतं. मी गावभर फिरलो. जिथे दोन रुपये होते तिथे चार झाले होते, आणि चार द्यायला तयार असलेलेही ओसरीवर थांबलेले. जिनाच्या भिंतीला तट्ट्या लावून ते डोंगराकडचं जोडपं राहत होतं. त्या बाईने मला पाहिलं आणि तट्टी ओढून घेतली. त्या भाषेतलं एक अक्षर मला येत नसे, पण तट्टी ओढलेली कळते.

बायकोचं दुसरं कार्ड आलं. "दिवाळीच्या आत म्हणाला होता. दारं-खिडक्या किती, ते कळवा." खिडक्या किती, याचं उत्तर मी पंधरा दिवस लिहू शकलो नाही.

शेवटी आखाडाच्या तोंडाशी मी लाज गिळून कोरीटवालीकडे गेलो. तिच्या दोन खोल्यांपैकी मागची रिकामी होती, हे मला ठाऊक होतं. ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिने बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मुलगी आठ महिन्यांची झाली, अजून मी तिला पाहिलेली नाही, घरी आणायची तर चूल वेगळी पाहिजे. साडेतीन म्हणा, चार म्हणा. चुकलं, मावशी.

ती तांदळातला खडा शोधत राहिली. सापडला, तो तिने माझ्या पायांजवळ टाकला. मग मान वर करून जागेकडे पाहिलं. राखेचं काळं वर्तुळ पहिल्या पावसात भिजून चिकट झालं होतं, आणि कडेला फुटलेला दगड पडला होता.

"तुम्हना सैपाकघर तठेच शे, मास्तर," ती म्हणाली. "चूल बी तुम्हीच मांडेल शे. वरीसमा एकदाव पेटस, येवढंच."