टेपबाईचं स्वतःचं माप

टेप कायम गळ्यात, म्हणून सारी गल्ली तिला टेपबाई म्हणायची. नवरा गेल्यावर तिने पुढच्या खोलीत मशीन मांडलं आणि त्याच्यावर मुलाला वाढवलं. माणूस दारातून आत आला की त्याची कंबर किती, हे ती टेप न लावताच सांगायची.

गेल्या वर्षी तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. "गोळीने आटोक्यात राहील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण गोळीशी लबाडी चालायची नाही." नर्सने सूचनांचा कागद दिला. टेपबाईने तो मशीनसमोर भिंतीला टाचला. गोळी जेवणानंतर, मोठ्या पेलाभर पाण्याबरोबर. कुटायची नाही, चुकवायची नाही. मनाने दुसरं औषध नाही, डोकेदुखीचंही नाही. पपनस बंद. तोंडाला जखम नको म्हणून टाचण्या ओठात धरायची तीस वर्षांची सवयसुद्धा तिने आपणहून सोडली.

सून पोटुशी होती. तिने एकदा गोळ्यांची डबी उचलली, तशी टेपबाई ओरडली, "हात लावू नकोस! पोटुशीने लांब राहायचं, लिहिलंय ना?"

"अहो आई, झाकण बंद आहे."

"माझं तोंड उघडं आहे ना? ठेव खाली."

एकच ओळ तिने सोडली होती. रोज सकाळी वजन करा. सूज आली किंवा वजन भरभर वाढलं, तर लगेच कळवा. घरातला काटा सेल संपून कपाटावर पडला होता. मापं घेणाऱ्या बाईला काटा कशाला, असं तिचं म्हणणं.

चौथ्या महिन्यात रक्ताचा रिपोर्ट सुधारला. मागोमाग तिचा चेहरा भरला. नणंद भेटायला आली ती हसतच सुटली. "वहिनी, बाळंत व्हायचीय सून, आणि बाळसं तुम्ही धरलंत!"

सगळे हसले, टेपबाईही हसली. पण तिचा करडा ड्रेस काखेत काचत होता. दुपारी दार लोटून तिने बाजूची शिवण उसवली आणि आत दुमडलेल्या मार्जिनमधून बोटभर कापड सोडलं. दहा दिवसांनी पुन्हा. मग तिसऱ्यांदा. दुसऱ्या कुणाला कपडा होईनासा झाला असता, तर त्याच दिवशी बोंब झाली असती. हिच्या हातात कला होती, तीच नडली.

तिला कळत नव्हतं असं नाही. अंगावर चढलेल्या मांसात मोज्याचा वळ तास-तास रुतून राहत नाही. पण सूज दाखवली आणि डॉक्टरीणबाईंनी गोळीच बंद केली तर? येणाऱ्या नातवंडाचं टोपडं बेतून ठेवलं होतं. ते शिवायला आपण हव्यात, एवढंच तिचं मागणं होतं.

एका सकाळी सून इस्त्री करता करता थांबली. उलट्या केलेल्या ड्रेसवर जुन्या टाक्यांच्या भोकांच्या तीन रांगा होत्या.

"आई, गिऱ्हाइकाचं माप कधी खोटं लिहिलंत?"

"जीभ झडेल माझी!"

"मग हे काय?"

टेपबाईने मान खाली घातली. "गोळी बंद करतील गं."

"आणि सूज छातीत चढली तर? टोपडं काय मी शिवू? मी लावलेलं बटण दारापर्यंत टिकत नाही."

"ते मात्र खरं," टेपबाई म्हणाली आणि रडता रडता हसली. मग तिनेच कागदावरचा नंबर फिरवला.

त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिचा घोटा दाबला. खळगा पडला, तो भरेचना. "अंगात पाणी साचलंय. या गोळीने होतं तसं. छातीत गेलं नाही, हे नशीब. पाणी उतरायचं औषध देते. गोळी चालूच ठेवू, पण आठ दिवसांनी दाखवायचं. लपवून फसवत कुणाला होतात?"

"ड्रेसला," टेपबाई म्हणाली.

घरी येताना मुलाने सेल आणले. मापाच्या वहीत एक कोरं पान निघालं. वर 'स्वतः', आणि खाली रोजचं वजन. आकडे हळूहळू उतरू लागले. तीन आठवड्यांनी ड्रेस ढगळ झाला, तसा तिने मशीनवर घेतला.

"पहिल्या रांगेवर आणताय?" सुनेने विचारलं.

"मधल्या. आणि कच्चे टाके घालते. घाई नको."

मग ड्रेस बाजूला सारून तिने टोपडं घेतलं. "बाळाचं डोकं केवढं, कोण जाणे. मार्जिन भरपूर ठेवते. वाढेल तसं सोडत जाईन."