चांद सोडून खांबावर

ठाण्याच्या चांदमारीवर माझी नेमणूक होती ती गोळ्यांच्या स्वागताला. माजिवड्यापलीकडं, खाडीच्या अंगाला लाकडी फळ्या उभ्या. फळीवर काळा गोल, त्याला चांद म्हणायचं. फळीखाली खंदक आणि खंदकात मी एकटा. गोळी लागली की काठीवरची पांढरी चकती भोकावर धरायची, चुकली की लाल निशाण हलवायचं. डोक्यावरून इतक्या गोळ्या गेल्या की केस उगवायला भ्यायले! एक तर खंदकात शिरली, मला बघून ओशाळली नि आल्या वाटेनं परत गेली. खोटं वाटेल त्यानं गोळीलाच विचारावं.

सबंध पलटण माझ्याकडं तोंड करून उभी, पण बोलणारा एकच. रत्नागिरीकडचा शिपाई, चुकणाऱ्या नेमाबद्दल बदनाम. दुपारी बार थांबले की भाकरी घेऊन खंदकात उतरायचा. बायको गेल्यापासून माझ्यासमोर बसून जेवलेला माणूस तोच.

पलटण परमुलखात निघाली. निघण्याआधी नेमबाजीची परीक्षा; तीत चुकेल तो ठाण्यातच राहणार होता. त्याचा धाकटा भाऊ त्याच पलटणीत. पोराला एकटं पाठवायचं या विचारानं याला घास जाईना.

"गड्या, माझ्या गोळ्या जातात तरी कुठं?"

तो राहिला तर मला हवाच होता. तरी सांगितलं, "डावीकडं. खाडीचा वारा ढकलतो. चांद सोड, फळीच्या उजव्या खांबावर नेम धर."

"खुळा का काय! मारायचं चांदाला नि बघायचं खांबाकडं?"

"लग्नात अंतरपाटामागं उभा होतास तेव्हा कुठं बघत होतास?"

"करवलीकडं."

"मग? नवरी मिळाली ना?"

ठसका लागेपर्यंत हसला.

परीक्षेत त्याची पहिली गोळी चांदात. मी चकती धरली. दुसरी तिच्या शेजारी. साहेबाला पटेना, घोडा दौडवत आला, भोकांत बोटं घालून बघून गेला.

निघताना तो म्हणाला, "आता जेवायला सोबत कोण रे तुला?"

"अरे, लाटसाहेब कधीचा बोलावतोय! तुझ्यामुळं जमत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी चांदमारी बंद होती. तरी मी गेलो. खंदकात न उतरता फळीसमोर छाती काढून उभा राहिलो. बाजूला हो म्हणायलाही कुणी नव्हतं. मग मीच माझ्याशी मोठ्यानं भांडलो, आणि त्या भांडणात हरलोही मीच.