आवारातला चौथा नियम

आधीच सांगून ठेवतो, तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली आहे. सातपुड्याच्या घाटातून वेळी-अवेळी गाड्या नेल्या... एखादं भूत चढलं असतं तर मी त्याचंही तिकीट फाडलं असतं. कुणी असले किस्से सुरू केले की मी उठून जायचो. आज मीच सांगायला बसलोय, तर हसा खुशाल.

आमचं घर सारंगखेड्याला, तापीच्या पुलापासून चालत दहा मिनिटांवर. मोठं आवार, मधोमध निंब. बाहेरच्या दोन खोल्या रिकाम्या पडून होत्या, म्हणून सुरतेला असलेल्या माझ्या मुलाने त्या मोबाईलवर टाकल्या - दोन-चार दिवसांसाठी भाड्याने. एरवी कुणी फिरकत नाही, पण डिसेंबरात यात्रा आणि घोडेबाजार भरला की फोन थांबत नाहीत. येणारा म्हणतो, "काका, अगदी घरच्यासारखे राहू," आणि मग खरंच घरच्यासारखा पसारा घालतो. म्हणून मी दारावर बोर्ड लावला. दारू चालणार नाही. रात्री दहानंतर स्पीकर बंद. चपला बाहेर. आणि चौथा - आवारात जनावरावर हात उचलायचा नाही.

चौथा वाचून लोक हसतात. तो माझ्या वडिलांचा नियम. वडील टांगा चालवायचे. चंद्री नावाची म्हातारी घोडी होती. एका दुपारी ती जागची हलेना, तेव्हा वडिलांनी त्याच निंबाखाली पहार उचलून तिच्या तोंडावर घातली. आठ दिवस तिने वैरणीला तोंड लावलं नाही, नवव्या दिवशी मेली. मी तेव्हा सात वर्षांचा. वडिलांनी टांगा विकला, आणि त्यानंतर आमच्या आवारात बैलालाही कुणी काठी लावली नाही. पण त्यांचा तो राग माझ्यात पुरेपूर उतरलाय. सुट्ट्या पैशांवरून प्रवाशाची कॉलर धरली म्हणून मी एकदा सस्पेंडही झालोय. माझी बायको सुमन म्हणते, राग आला की तुम्ही तुम्ही राहत नाही. तिला त्याची भीती वाटते, हे मला माहीत आहे.

गेल्या यात्रेला पुण्याकडचे दोघे आले. एक विक्रांत - तिशीचा, गॉगल कायम डोक्यावर. दुसरा त्याचा मित्र, हातात सतत मोबाईल. पहिल्याच दिवशी निंबाखाली बिअरच्या बाटल्या. मी बोर्ड दाखवला, तर विक्रांत म्हणतो, "काका, शाळेत पण एवढे नियम नव्हते." मी दात-ओठ खात बाटल्या उचलून दाराबाहेर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून घोडी आणली आणि न विचारता निंबाला बांधली. शेजारच्या नथ्थूबाबांची अख्खी हयात घोडेबाजारात गेलेली. ते आले, त्यांनी तिचा ओठ वर करून दात पाहिले. घोड्याचं वय दातांवरच कळतं. म्हणाले, "चार वरीसनी शे. दात एकदम पुरा शेतस. चांगलं जनावर शे, जपी वापर रे भाऊ."

तिसऱ्या दिवशी, सकाळचे दहा वाजले असतील. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. मित्राने मोबाईल धरला होता आणि विक्रांतला घोडी मागच्या दोन पायांवर उभी करायची होती. रील करायचं होतं म्हणे. घोडीने त्याला चावायला पाहिलं, तर त्याने दोरीने तिचं तोंडच आवळून बांधलं. मग चाबूक. आधी पायांवर, मग पोटावर, मग डोळ्यांवर... तोंड बांधलेलं असल्यामुळे तिला नीट ओरडताही येत नव्हतं. घशातून नुसता घरघर आवाज. नाकातून रक्त येत होतं.

मी ओरडलो, "ए! चौथा नियम वाच!"

"घोडी माझी आहे काका, तुमच्या खोलीचं भाडं दिलंय ना?" असं म्हणून तो मारतच राहिला. माझ्याआधी सुमन धावली. "अरे, मरी जाई ना ती! काय करी ऱ्हायना तू?" म्हणत ती मध्ये पडली, आणि पुढचा चाबूक तिच्या गालावर बसला. कानापासून हनुवटीपर्यंत कातडी सोलली.

त्यानंतरचं मी खोटं सांगणार नाही. वडिलांची पहार तेव्हाही ओट्याच्या भिंतीला टेकलेली असायची. ती मी कधी उचलली, आठवत नाही. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो खाली पडला. दुसरा घाव डोक्यावर घालायचा होता. घाबरवायला नाही... मला त्याला ठार मारायचं होतं. मी दोन्ही हातांनी पहार डोक्यावर नेली, आणि मागून कुणीतरी माझं उजवं मनगट दातांत धरलं.

धरलं म्हणजे चिरडलं. मानेवर गरम श्वास, ओल्या कडब्याचा आणि घोड्याच्या घामाचा वास. मी ओढत होतो, ते सोडत नव्हतं. दोन-तीन पावलं मी मागे फरफटत गेलो. पहार पडली, तेव्हा कुठे हात सुटला. वळून पाहिलं - कुणी नाही. विक्रांतची घोडी दुसऱ्या बाजूला, त्याच्याही पलीकडे, निंबाला बांधलेली, तोंडावर दोरी तशीच. ती दोरी नंतर सुमनने स्वतः, गाठी सोडून काढली. सुमन एवढंच म्हणाली, "तुम्हले कोनी तरी मांगे वढी ऱ्हायंतं. मी देखं."

मित्राने विक्रांतला गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला. पोलिसांत कुणीच गेलं नाही, कारण घोडीला आणि सुमनला चाबूक मारल्याचं चित्रणही त्यांच्याच मोबाईलमध्ये होतं. घोडी त्यांनी विकणाऱ्याला परत दिली. चार दिवसांनी मोबाईलवर शेरा आला - जागा स्वच्छ, मालक रागीट.

माझ्या मनगटाच्या हाडाला चीर गेली होती. शहाद्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "घोडा चावला का?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

पट्टी बदलताना नथ्थूबाबा बसलेले होते. त्यांनी माझा हात उन्हात धरला, काळ्यानिळ्या खुणांवरून बोट फिरवलं.

"हाई काम त्या घोडीनं नई, भाऊ. तिन्हा दात मी सोता देखेल शेतस. हाई म्हातारी घोडी शे, ईस वरीसनी. आनि आठे देख... खाले मझारमा एक दात नई शे."

चंद्रीचा खालचा मधला दात त्या दुपारी मातीतून मी उचलला होता. चड्डीच्या खिशात लपवला आणि संध्याकाळी तापीत फेकला, वडिलांना दिसू नये म्हणून. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, सुमनलाही नाही.

मला याचा उलगडा झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला झाला तर सांगा, मी आता उठून जाणार नाही. पहार मी पुलावरून पाण्यात सोडली. सुमनच्या गालावर वण राहिलाय, माझ्या मनगटावर खुणा आहेत. थंडीत दुखतात, तेव्हा एकच विचार येतो. चंद्रीने माझा हात धरला. त्या दुपारी वडिलांचा हात धरायला कुणीच नव्हतं... असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. पण मी होतो. मी दारात उभा राहून बघत होतो.